हत्तीबेटावर हत्ती नाही, पण महाराष्ट्रात हत्ती परत आलाय

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. लातूर-नांदेडच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. सपाट रानातून एकदम वर उठलेला दगडी डोंगर, कोरलेल्या गुहा, गंगाराम महाराजांची समाधी आणि रझाकारांशी झुंजलेल्या माणसांची आठवण. लांबून बघितलं की हत्ती बसल्यासारखा दिसतो, म्हणून हत्तीबेट, असं जुनी माणसं सांगतात.

मागं एकदा तिथं पायऱ्यांवर टेकलो होतो. शेजारी एक पोरगं बापाला विचारत होतं, "पप्पा, इथं खरंच हत्ती होते का?" बाप हसून म्हणाला, "हत्ती असतेत व्हय इकडं? ते तिकडं केरळात."

बापाचं काही चुकलं नाही. आज हेच खरं आहे. पण पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आपण बोलतो त्यात, सणात, पंचांगात, किल्ल्यात, देवळात हत्ती ठासून भरलाय. मृगाच्या तोंडावर शेतकरी पंचांगात काय बघतो? नक्षत्राचं वाहन. बेडूक असलं, म्हैस असली तर बरं. हत्ती निघाला तर विचारूच नका, पाऊस धो धो. हस्त नक्षत्र लागलं की हादगा, पाटावर हत्ती काढायचा आणि पोरींनी भोवती फेर धरायचा. पोरगं झालं की हत्तीवरून साखर वाटायची. माहूरच्या किल्ल्याला हत्ती दरवाजा. जुन्या किल्ल्यांच्या दरवाजांवर हातभर लांबीचे अणकुचीदार खिळे का असतात? हत्तीनं डोक्यानं धडक देऊन दार फोडू नये म्हणून.

ज्या मुलखात एकही रानहत्ती नाही, तिथल्या भाषेत एवढा हत्ती आला कुठून? आणि गेला कुठं? आज थोडा जुना हिशेब मांडतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. कारण हा हिशेब नुसता जुना राहिलेला नाही. हत्ती महाराष्ट्रात परत आलाय आणि तो आपल्या सरहद्दीपासून वाटतो तितका लांब नाही.

आपलेच राजे, आपलेच हत्ती

सुरुवात पैठणपासून करू. सातवाहन राणी नागनिकेचा नाणेघाटात लेख आहे. यज्ञात काय काय दक्षिणा दिली त्याची यादी त्यात आहे. गायी, घोडे, कार्षापण नाणी, आणि हत्ती. सातवाहनांच्या नाण्यांवरही सोंड उचललेला हत्ती आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात हत्ती हे सत्तेचं चलन होतं.

कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला जा. लेण्याच्या पायथ्याशी हत्तींची रांग कोरलेली आहे. अजिंठ्याला दहाव्या आणि सतराव्या लेण्यात छद्दंत जातक रंगवलंय. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्यावर डूख धरलेली राणी आणि तिनं धाडलेला शिकारी. गोष्ट मोठी कडू आहे. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात तेव्हा जखमी हत्ती स्वतःच ते काढून देतो. त्या चित्रांतला कळप नीट बघा. कमळाच्या तळ्यात डुंबणारे, सोंडेनं फांदी ओढणारे, एकमेकांना टेकून उभे राहिलेले हत्ती. हे नुसतं कानावर ऐकून काढता येत नाही. रंगवणाऱ्यानं हत्ती जवळून बघितलेले होते.

आता लातूर. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं इतिहासकार मानतात. त्यांच्यातला तिसरा कृष्ण तर कंधारशी जोडलेला. या घराण्यातल्या पहिल्या कृष्णानं आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेतलं. त्या मंदिराचा जोता डोळ्यासमोर आणा. अख्खं कैलास हत्तींच्या पाठीवर उभं आहे. काही हत्ती सिंहाशी झुंजतायत, काही सोंडेत चारा-फुलं धरून शांत उभे आहेत. लातूरचं नाव लावणाऱ्या राजांनी देवाचं घर हत्तीच्या पाठीवर ठेवलं. दहाव्या शतकात अल मसुदी नावाच्या अरब लेखकानं या राजांबद्दल लिहिलं, की त्यांच्या फौजेला आणि हत्तींना मोजदाद नाही.

मोजदाद नाही एवढे हत्ती येत कुठून होते? इथंच खरी गोम आहे.

हत्ती गोठ्यात तयार होत नाही

बैल, घोडा, उंट माणसानं पाळले आणि त्यांची पैदास केली. हत्तीचं तसं नाही. हत्तीण जवळजवळ बावीस महिने गाभण राहते. एका वेळी एकच पिल्लू. त्यानंतर चार-पाच वर्षं दुसरं नाही. पिल्लू कामाचं व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात. मोठा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो चारा खातो आणि शंभर-दोनशे लिटर पाणी पितो. पंधरा वर्षं बसवून खाऊ घालायचं आणि मग कामाला लावायचं, हे कुठल्या राजाच्या खजिन्याला परवडलं असतं? म्हणून राजांनी सोपा रस्ता धरला. जंगलानं वाढवलेला हत्ती आयता पकडायचा.

म्हणजे दरबारातला, मिरवणुकीतला, रणातला जवळपास प्रत्येक हत्ती हा कुठल्यातरी कळपातून तोडून आणलेला रानहत्ती होता. पाळीव हत्ती असं आपण म्हणतो, पण हत्ती ही जात कधी पाळीव झालीच नाही.

यातून एक गंमत घडली. थॉमस ट्राउटमन या अभ्यासकानं 'एलिफंट्स अँड किंग्ज' या पुस्तकात ती मांडलीय. राजाला हत्ती पाहिजे, आणि हत्ती फक्त रानात वाढतो. मग राजाला रान राखावं लागलं. चीनमध्ये एके काळी पार उत्तरेपर्यंत हत्ती होते. तिथं शेती वाढत गेली, राजांनी हत्तीला युद्धात धरलं नाही आणि हत्ती हटत हटत दक्षिणेच्या एका कोपऱ्यात गेले. भारतात मात्र तग धरून राहिले. आपण फार प्राणीप्रेमी होतो म्हणून नव्हे. हत्ती हे शस्त्र होतं, आणि रान हा त्या शस्त्राचा कारखाना.

कौटिल्याचं अर्थशास्त्र वाचा. हत्तींसाठी वेगळी राखीव वनं, त्यांवर अधिकारी, शिपाई, माग काढणारे. हत्ती मारणाऱ्याला देहदंड. आपोआप मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला मात्र बक्षीस. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा. पिल्लू, आजारी, गाभण किंवा दूध पाजणारी हत्तीण पकडू नये. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे नियम आहेत. कोणत्या रानातला हत्ती चांगला याची प्रतवारीसुद्धा आहे. कलिंगाचे हत्ती उत्तम, आपल्या पश्चिमेकडच्या अपरांताचे मध्यम.

आणि हे ज्ञान आपल्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. निलंग्याहून फार लांब नाही, तिथं कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. स्वयंपाकापासून संगीतापर्यंत सगळं त्यात आहे, आणि हत्तीवर मोठा भाग आहे. हत्तींची आठ वनं कोणती, हत्ती कसा पारखायचा, कसा पकडायचा. मोठं आवार करून कळप आत घालणं, माणसाळलेल्या हत्तिणीच्या आमिषानं नर पकडणं, खड्ड्यात पाडणं अशा पद्धती होत्या. खड्ड्याची पद्धत हत्तीशास्त्रात वाईट मानलेली, कारण त्यात हत्ती मरतात. त्या काळीसुद्धा एवढं कळत होतं.

रान देत गेलं, दरबार खात गेला

पण राखणारा आणि खाणारा एकच असला की शेवटी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शतकामागून शतक मागणी वाढतच गेली. उदगीरहून सत्तर-एक किलोमीटरवर बिदर. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी तिथं राहिला होता. बहमनी सुलतानाची स्वारी बघून त्याचे डोळे दिपले. पोलादी पत्रे चढवलेले हत्ती, सुळ्यांना बांधलेली पाती, पाठीवर बुरूज आणि त्यात शस्त्रं घेतलेली माणसं. असे हत्ती नुसते बिदरात नव्हते. विजापुरात, गोवळकोंड्यात, अहमदनगरात, विजयनगरात, सगळीकडं हत्तीखाने. प्रत्येक हत्तीखान्यामागं एक रान रिकामं होत होतं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त हत्ती कुठं सापडतात याची यादी दिली. त्यात आग्र्याच्या सुभ्यातली नरवरकडची रानं येतात आणि हा पट्टा पार वऱ्हाडापर्यंत जातो असं म्हटलंय. आता ध्यानात घ्या, त्या वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूर होतं, पाथरी होतं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी रानहत्तीच्या मुलखाचं दक्षिण टोक आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्याशी येऊन भिडत होतं. त्याच यादीत बस्तर, रतनपूर, सरगुजा ही नावंही आहेत. ती लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहेत.

मराठी माणसाच्या मनात हत्तीची शेवटची मोठी आठवण कुठली? पानिपत. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला नमवलं, तिथून परतूरला आले आणि परतूरहून उत्तरेला निघाले. वर्षभरानं, १४ जानेवारी १७६१ ला, विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला, असं आपल्याकडं सांगत आलेत. अंबारीत राजा दिसला तर फौज उभी, नाही दिसला तर पळापळ. हत्तीचं काम आता लढायचं राहिलं नव्हतं, दाखवायचं झालं होतं. तोफेपुढं हत्तीचा निभाव लागत नव्हता.

आणि तिथंच हत्तीच्या रानाचा राखणदार गेला. ज्या दिवशी राजाला लढाईसाठी हत्ती नको झाला, त्या दिवशी रानाची त्याला गरज उरली नाही. पुढं इंग्रज आले. रेल्वेच्या स्लीपरसाठी साग गेला, कापसासाठी रान मोडलं. मद्रास इलाख्यात तर हत्ती मारण्याला सरकारी बक्षीस होतं. मग संख्या इतकी घटली की १८७३ मध्ये त्याच मद्रासनं हत्ती वाचवण्याचा कायदा केला आणि १८७९ मध्ये इंग्रजी मुलखासाठी तसा कायदा आला. महाराष्ट्रात तोवर वाचवायला फारसं काही उरलं नव्हतं. आपल्याकडं म्हण आहे, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. इथं शेपूटही राहिलं नाही. राहिली ती नावं. हत्तीबेट, हत्ती दरवाजा.

आणि मग तो परत आला

२००२ साली कर्नाटकातल्या दांडेलीकडच्या रानातून काही हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्गला उतरले. २००४ च्या आसपास कोल्हापूरच्या चंदगड, आजऱ्याकडं दिसायला लागले. लोकांना वाटलं पाहुणे आलेत, जातील. गेले नाहीत. केळी, माड, ऊस, भात. एका रात्रीत वर्षाची कमाई आडवी. माणसं दगावली. २००९ मध्ये पकडायची मोहीम झाली, त्यात हत्ती मेले. २०१५ मध्ये कुडाळच्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले. म्हणून हत्ती थांबले का? नाही. तिलारीच्या बाजूनं ते येतच राहिले. २०२५ मध्ये ओंकार नावानं ओळखला जाणारा तरुण नर तर गोव्यात पेडण्यापर्यंत फिरून आला.

दुसरी वाट पूर्वेची. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वीस-बावीस हत्तींचा कळप गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूनं शिरला. पुढच्या वर्षी गोंदिया, भंडाऱ्यापर्यंत जाऊन आला. मूळचे ओडिशाकडचे हे हत्ती. मघाशी म्हटलं होतं ना, बस्तर, रतनपूर, सरगुजा ही नावं लक्षात ठेवा. अबुल फजलच्या यादीतली तीच रानं, तीच दिशा. ओडिशा, झारखंड, छत्तीसगडात कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणी रानाच्या पोटात शिरल्या, रस्ते आले, रेल्वे आली, आणि हत्तीनं जुनी वाट पुन्हा धरली.

आता आपल्या उंबऱ्याची गोष्ट. एप्रिल २०२४ मध्ये गडचिरोलीच्या बाजूचा एक हत्ती प्राणहिता ओलांडून तेलंगणात आसिफाबाद जिल्ह्यात शिरला. दोन दिवसांत दोन शेतकरी गेले. एक तर मिरचीच्या रानात काम करत होता. त्या भागातल्या हयात माणसांनी कधी रानहत्ती बघितला नव्हता. समोर आला तर काय करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. नकाशा उघडा. आपल्या किनवटला लागून आदिलाबाद, आदिलाबादला लागून आसिफाबाद. मधे एकच जिल्हा.

२०२५ मध्ये देशात पहिल्यांदा विष्ठेतल्या डीएनएवरून हत्तींचा अंदाज काढला. देशात २२,४४६. महाराष्ट्रात ६३. त्रेसष्ट म्हणजे फार नाहीत. पण पंचवीस वर्षांपूर्वी या राज्यात वस्ती करून असलेला कळप नव्हता, हे लक्षात घेतलं की आकडा मोठा वाटतो.

हत्ती म्हणजे एक घर आहे

हत्ती समजून घेतल्याशिवाय त्याचं काय करायचं ते ठरवता येत नाही. कळप म्हणजे घर. घरात कर्ती आजी. सगळ्यात वयस्कर हत्तीण पुढं चालते. दुष्काळात पाणी कुठं होतं, कोणत्या नदीला उतार कुठं, कोणत्या बाजूला गोळीबार झाला होता, हे तिच्या डोक्यात असतं. तिच्यामागं तिच्या बहिणी, लेकी, नातवंडं. पिल्लाला आईबरोबर मावश्याही सांभाळतात. माणसाला ऐकू येत नाही अशा खालच्या आवाजात ते काही किलोमीटरवरून एकमेकांशी बोलतात. नर बारा-पंधरा वर्षांचा झाला की कळप सोडतो, एकटा किंवा दोघं-तिघं मिळून फिरतो. पिकात शिरणारे, नवा मुलूख शोधणारे बहुतेक हेच तरुण नर. थोडक्यात, गावाकडून पुण्याला कामाला गेलेली पोरं म्हणा.

आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळाची वाट ज्या म्हातारीला आठवते, तिला आपण घरातून काढत नाही. हत्तीच्या कळपात अशी आजी मेली किंवा पकडून नेली की मागच्यांना वाट सापडत नाही. ते भरकटतात, बिथरतात, गावात शिरतात. म्हणून 'पकडा आणि न्या' हा उपाय वाटतो तितका सोपा नाही. एक नर नेला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. सिंधुदुर्गानं हे अनुभवलंय.

आपलं प्रेम कुठं असतं?

इथं थोडं कडू बोलतो. २०२५ च्या जुलैमध्ये नांदणी मठाची महादेवी, म्हणजे माधुरी, कोर्टाच्या आदेशानं जामनगरला वनतारात नेली. कोल्हापूर पेटलं. मोर्चे निघाले, जिओची सिमं बदलली. आपल्या नांदेड-लातूरच्या ग्रुपांवरसुद्धा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याआधी २०२२ मध्ये गडचिरोलीच्या कमलापूर कॅम्पचे हत्ती गुजरातला न्यायचं ठरलं, तेव्हाही लोक उभे राहिले. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हा वाद इथं उकरत नाही. लोकांची माया खरी होती, डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

पण एक विचारतो. साखळीतल्या एका हत्तिणीसाठी आपण रस्त्यावर येतो. त्याच वर्षी रानातल्या त्रेसष्ट हत्तींसाठी आपण काय म्हणालो? बहुतेक वेळा एकच वाक्य: "वनखात्यानं पकडून न्यावं." हत्ती दारात आला की देव आणि शेतात आला की चोर. ज्याचं शेत तुडवलं तो असं म्हणाला तर मी त्याला दोष देणार नाही. वर्षभराचं पीक गेल्यावर कुणी गणपती म्हणून हात जोडत नाही. पण आपण शेत न तुडवलेली माणसं, आपण तर थोडा विचार करू शकतो.

देशात हत्तींमुळं दरवर्षी साधारण पाचशे माणसं मरतात. ती जवळपास सगळी गरीब असतात. रात्री राखणीला गेलेला शेतकरी, मोहफुलं वेचायला गेलेली बाई. आणि माणसामुळं मरणाऱ्या हत्तींत सगळ्यात जास्त मरतात ते विजेच्या धक्क्यानं. हत्ती वाचवायचा म्हणजे आधी हा शेतकरी वाचवायचा. तो टिकला तर हत्ती टिकेल. मुंबईत बसून नुसतं "निसर्ग वाचवा" म्हणून काही होत नाही.

आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, लातुरात कुठं हत्ती येतोय? खरंय. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला हा जिल्हा, इथं दिवसाला दोनशे लिटर पिणारा पाहुणा कशाला येईल? पण नांदेडचं तसं नाही. किनवट, माहूर, पैनगंगा अभयारण्य, पलीकडं टिपेश्वर, खाली आदिलाबाद. हे रान अजून एकमेकांना धरून आहे. पुरावा पाहिजे? २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ याच पट्ट्यातून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला पोचला. २०२४ च्या शेवटी टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिवच्या येडशीला दिसला. वाघानं आपल्या शेतांतून, ओढ्यांतून, रस्त्यांखालून वाट काढली आणि बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. वाघ येऊ शकतो तर उद्या आसिफाबादकडून एखादा भरकटलेला हत्तीही किनवटच्या वेशीवर उभा राहू शकतो. येईलच असं नाही. पण आला तर आसिफाबादसारखं होऊ नये.

म्हणून माझ्या मते चार गोष्टी आत्ताच करायला पाहिजेत.

पहिली, किनवट-माहूरच्या गावागावांत माहिती. हत्ती दिसला तर जवळ जायचं नाही, मोबाईल काढायचा नाही, दगड मारायचे नाहीत, पोरांनी मागं धावायचं नाही. वनखात्याला फोन, आणि हत्तीला जायला वाट मोकळी. गडचिरोलीत गावकरी हे शिकलेत, पण किंमत मोजून शिकलेत. आपण फुकट शिकू शकतो.

दुसरी, कुंपणातला करंट. रानडुकरांच्या त्रासानं कितीतरी शेतकरी तारेत थेट लाईन सोडतात. त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण त्या तारेला आपलीच माणसं चिकटून मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. बैल मरतो, बिबट्या मरतो, उद्या हत्तीही मरेल. झटका देणारी पण जीव न घेणारी सौर कुंपणं असतात. त्याचं अनुदान मागा, आमदाराला धरून मागा.

तिसरी, भरपाई. वन्यप्राण्यानं माणूस मारला तर राज्यात २५ लाखांची मदत आहे. पिकाच्या भरपाईचं मात्र पंचनाम्यात अडतं. पंचनामा आठवड्यात आणि पैसा हंगामात मिळाला, तर शेतकरी हत्तीचा दुश्मन होणार नाही. रानडुकराच्या, हरणाच्या नुकसानीला आज हे नीट लागू झालं तरी आपल्या अख्ख्या जिल्ह्याचं भलं होईल.

चौथी, रानाची जोड. पैनगंगेच्या दोन्ही काठांचं जंगल तुकड्या-तुकड्यांनी तुटू द्यायचं नाही. रस्ता रुंद करायचा असेल तर करा, पण प्राण्यांना खालून वाट ठेवा. हे फक्त हत्तीसाठी नाही. हेच रान पाणी धरून ठेवतं. लातूरला पाण्याची रेल्वे का लागली, याचं अर्धं उत्तर आपण तोडलेल्या झाडांत आहे.

१९७२ ला वन्यजीव कायदा आला, १९७७ ला हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, १९९२ ला हत्ती प्रकल्प सुरू झाला, २०१० ला त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून जाहीर केलं. कागद भरपूर झाले. पूर्वी राजाला लढाईला हत्ती लागायचा, म्हणून रान राखलं जायचं. आज आपल्याला हत्तीची कशालाच गरज नाही. ना लढाईला, ना ओंडके ओढायला, ना मिरवणुकीला. आता तो राखायचा असेल तर कुठल्याही फायद्याशिवाय राखावा लागेल. दोन हजार वर्षांत आपल्यावर ही पाळी पहिल्यांदा आलीय.

हत्तीबेटावरच्या त्या पोराला बापानं दिलेलं उत्तर मला बदलायचंय. होते, बाळा. आपल्या राजांनी देवाचं घर त्यांच्या पाठीवर ठेवलं आणि एकेक करून ते संपवले. आता पलीकडच्या जिल्ह्यापर्यंत ते परत आलेत. या खेपेला तरी नीट वागू.

तुमच्या गावात हत्तीचं नाव असलेलं शेत, वेस, ओढा, टेकडी असेल तर खाली लिहा, आणि त्यामागं काय सांगतात तेही लिहा. किनवट-माहूरकडच्या मित्रांनी तर नक्की लिहा. पटलं तर तिकडच्या गावच्या ग्रुपांवर पाठवा.